दुखणे घरचे झाले म्हणजे

दुखणी दोन जातींची असतात. एक पाहुण्यासारखे येते, चार दिवस अंथरूण धरायला लावते, घरातल्यांची धावपळ करविते आणि निघून जाते. अशा दुखण्यात कसे वागावे हे घरोघर ठाऊक असते. मऊ भात होतो, मोसंबी येतात, शेजारच्या काकू डोकावून जातात आणि आठव्या दिवशी माणूस उठून कामाला लागले की सारे विसरून जातात. दुसरे दुखणेही पाहुण्यासारखेच येते; पण आल्या आल्या वळकटी सोडते आणि घरचेच होऊन बसते. मधुमेह, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार ही सारी या दुसऱ्या जातीची. त्यांच्याशी कसे वागावे हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेले नसते. पहिल्या महिन्यात मोसंबी येतात, सहाव्या महिन्यात नुसती चौकशी येते आणि तिसऱ्या वर्षी, "अजून आहेच का?" असा प्रश्न येतो. जणू आजारी माणसानेच ते हट्टाने ठेवून घेतले आहे!

ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण वर्षभर कसेबसे झाकून ठेवलेले दुखणे दिवाळीतच उघडे पडते. ज्या हातांनी वीस वर्षे चकल्या पाडल्या, त्या हातांना सोऱ्या पिळवत नाही. अनारसे डोळ्यांसमोर असतात आणि मधुमेह आठवत असतो. घरात सगळे आनंदात असताना आपण एकटेच थकून कोपऱ्यात बसलो आहोत, आपल्यामुळे सणाला उणेपणा आला, ही टोचणी दुखण्यापेक्षा जास्त लागते.

माझी एक मावशी हिंगोलीला असते. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून ती निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले. सकाळी उठले की हात लाकडासारखे होत. मूठ वळायला तास-दीड तास लागे. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून निदान केले : रुमॅटॉइड जातीचा संधिवात. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते, असा हा विकार आहे. पुरुषांपेक्षा बायकांत तो अधिक आढळतो. तो समूळ जात नाही. पण औषधे वेळेवर सुरू केली आणि नेटाने घेतली तर पुष्कळसा आटोक्यात राहतो व सांधे वाकडे होण्याचे टळू शकते.

हिंगोली म्हणजे हळदीचा मुलूख. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. त्यात वसमतची हळद आणि तिथला हळदीचा बाजार नावाजलेला. तेव्हा मावशीच्या दुखण्याची वार्ता पसरताच येणारा प्रत्येक जण हळदीची पुडी घेऊनच आला. कोणी दुधातून सांगितली, कोणी मधातून, कोणी लेप लावायला. मावशी मला म्हणाली, "अगं, लग्नात लागली नव्हती एवढी हळद आता लागतेय मला!" हळद स्वयंपाकात उत्तमच, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नयेत, एवढे शहाणपण मावशीने राखले. या विकारावरच्या एका नेहमीच्या गोळीबद्दल वाचकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. घरात कोणाला ती चालू असेल, तर वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी.

औषधांनी सूज उतरली, पण मावशीचा चेहरा काही खुलेना. एका दुपारी लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडेना, तेव्हा ती ओट्याला टेकून ढसाढसा रडली. झाकणासाठी कोणी एवढे रडत नसते. पुढे मी गेले तेव्हा तिनेच सांगितले, "सांधे दुखतात ते सोसवतं गं. पण मी आता कोण उरले तेच कळत नाही. शाळेत बाई होते, घरात आई होते. आता नुसती पेशंट झालेय. येणारा जाणारा माझ्याशी बोलत नाही, माझ्या दुखण्याशी बोलतो."

मला वाटते, लांबणाऱ्या आजाराचे खरे दुःख मावशीच्या या बोलण्यात आले. वेदनेला गोळी असते. पण आपले पूर्वीचे रूप गेले, त्याचा शोक असतो आणि त्या शोकाला घरात जागाच नसते. मृत्यू झाला तर लोक समाचाराला येतात. पण माणूस जिवंत असून त्याचे चालणे, त्याचा झपाटा, त्याची नोकरी गेली, तर त्याच्या समाचाराला कोण येणार? मग ते सारे आत साचत राहते आणि एखाद्या दुपारी बरणीच्या झाकणाच्या निमित्ताने बाहेर फुटते.

हे दुःख बोलून दाखवायची आपल्याला लाज वाटते. ती वाटू नये म्हणून मावशीच्याच मुलखातली एक कथा सांगते. हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. परंपरेने ते संत नामदेवांचे जन्मगाव मानतात. संतमंडळी जमलेली असताना गोरोबाकाकांनी कुंभाराचे थापटणे घेऊन एकेकाचे डोके थापटून पाहिले आणि नामदेवांना 'कच्चे मडके' ठरवले, ही कथा सर्वांनाच ठाऊक आहे. त्यानंतर नामदेवांनी काय केले ते मात्र आपण विसरतो. 'मला काही लागले नाही' असा आव त्यांनी आणला नाही. ते दुखावले, विठ्ठलापाशी जाऊन त्यांनी मन मोकळे केले आणि त्याच्या सांगण्यावरून औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे वाट विचारायला गेले. नामदेवांसारख्याला जर आपले दुखणे कोणापाशी बोलावेसे वाटले, तर तुम्हीआम्ही ओठ मिटून बसण्यात कोणता मोठेपणा?

मावशीनेही तेच केले. पुढच्या खेपेला नांदेडला गेल्यावर तिने डॉक्टरांना सांध्यांबरोबर मनाचेही सांगितले : झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही, रडू येते. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. हा थकवा म्हणजे आळस नव्हे, तो आजाराचाच भाग आहे. आणि जुनाट आजारात मन खचणंही नेहमीचंच. त्यालाही उपाय आहेत." आपल्याला नावे ठेवली नाहीत, उलट आपल्या तक्रारीला नाव मिळाले, एवढ्यानेच तिला निम्मे हलके वाटले.

उरलेले निम्मे काम गल्लीतल्या मुलींनी केले. शेजारची एक मुलगी अपूर्णांकांत अडली होती. मावशीने तिला समजावून दिले. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. आता रोज संध्याकाळी पाच ते सहा चार मुली येतात. खडू मावशीला धरवत नाही. फळ्यावर मुलीच लिहितात. फार दुखत असेल त्या दिवशी ती पलंगावर पडून शिकवते. संधिवात आहे तिथेच आहे. पण आता तिचा दिवस गोळ्यांच्या वेळांनी मोजला जात नाही. तो पाच वाजण्याच्या वाटेवर असतो.

आपले म्हणून एखादे काम असण्याचे बळ केवढे, याचा मोठा दाखला लोकमान्य टिळकांचा आहे. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेले, तेव्हा त्यांचे वय ५२ वर्षांचे होते आणि मधुमेह जडलेला होता. इन्सुलिनचा शोध लागायला १९२१ साल उजाडायचे होते; तोवर पथ्य हाच मुख्य आधार. परका मुलूख, एकांतवास आणि १९१२ मध्ये तुरुंगातच कानी आलेली पत्नीच्या निधनाची वार्ता! मन मोडून पडायला याहून काय हवे? पण याच तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले, पाली, जर्मन, फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. त्यांचा मधुमेह काही बरा झाला नाही. पण मंडालेच्या कोठडीत केवळ एक आजारी कैदी राहत नव्हता, एक ग्रंथकार राहत होता.

आपण काही टिळक नव्हे, हे खरेच. आपल्या बेताचे काम कसे निवडावे याची एक सोपी रीत अमेरिकेत निघाली आहे. केट लॉरिग नावाच्या परिचारिकाबाईंनी १९७० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात संधिवाताच्या रोग्यांसाठी वर्ग सुरू केले. त्यांचे वैशिष्ट्य असे की ते डॉक्टर नव्हे, तर शिकवून तयार केलेली साधी माणसे घेत, आणि त्यांतली कित्येक स्वतःच आजारी असत. पुढे इतर जुनाट आजारांसाठीही असेच वर्ग निघाले. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, अडीच तास. दर खेपेला प्रत्येकाने पुढच्या आठवड्यासाठी एक लहानसा बेत सांगायचा : काय करीन, किती करीन, केव्हा करीन. 'व्यायाम करीन' असे मोघम चालत नाही. 'सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी चहाच्या आधी दहा मिनिटे चालेन' असे हवे. मग स्वतःलाच विचारायचे : हे पार पडेल याची खात्री दहापैकी किती? सातपेक्षा कमी गुण पडले तर बेत आणखी लहान करायचा. घरी वही घेऊनही हे जमण्यासारखे आहे. ठरवलेले लहान काम पार पडले की 'मला जमते' हा विश्वास परत येतो आणि पुढच्या पायरीला तोच हात देतो.

आता दोन शब्द घरातल्यांसाठी. आजारी माणसाला विश्रांती द्या. पण घरातून निवृत्त करू नका. "तू बस, तुला काय करायचंय?" हे आपण मायेने म्हणतो, पण ऐकणाऱ्याला ते 'तुझी आता गरज नाही' असे ऐकू येते. काम काढून घेण्यापेक्षा कामाची रीत बदला. उंच स्टूल द्या, बरणीचे झाकण सैल करून ठेवा, भाजी दुसऱ्याने चिरावी आणि फोडणी तिने घालावी. आज बरे वाटत नाही म्हटले तर तो बहाणा समजू नका. या आजारांत काल आणि आज सारखे नसतात. आणि सेवा करणाराही माणूसच आहे. त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळालीच पाहिजे. नाहीतर घरात एकाऐवजी दोन आजारी होतात.

मन फारच भरून आले, जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र वाट पाहू नये. घरच्यांना, डॉक्टरांना लगेच सांगावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. त्यावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.

या दिवाळीत तुमच्याकडे असे घरचे होऊन बसलेले दुखणे असेल, तर चकल्या खुशाल महिला बचत गटाकडून आणा. लक्ष्मी त्यामुळे रुसत नाही. चार पदार्थांऐवजी दोन करा. मात्र जे काही घरी कराल त्यात चव बघायला आजारी माणसाला आधी बोलवा, आणि तिने "मीठ जरा कमी आहे" म्हटले तर खरोखरच चिमूटभर घाला. सर्व वाचकांना ही दिवाळी निरामय जावो. आणि ज्यांना निरामय होणे शक्य नाही, त्यांनाही ती तितकीच आनंदाची जावो!