सामू पाण्याचा, दोष हवेचा

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या परिसराला समुद्र नाही. तरीही तेथील काही घरांत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाक्या हौसेने सांभाळल्या जातात. दिवाळीच्या सुमारास हवा बिघडली की या घरांच्या खिडक्या बंद होतात आणि टाकीतील पाण्याचा सामू घसरू लागतो. मग सामू वाढविणारे द्रावण आणले जाते. आकडा काही काळ वर जातो व पुन्हा खाली येतो. घसरलेला सामू हा पाण्याचाच दोष मानणे, हे या धडपडीचे मूळ आहे, असे मला वाटते. अनेकदा दोष खोलीतील हवेचा असतो.

मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० ते ४३० असते. माणसांचा वावर असलेल्या बंद खोलीत ते सहज १,००० च्या पुढे जाते. हा वायू पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते. विम्लता कायम असताना वायूचे प्रमाण दुप्पट झाले, तर सामू साधारणपणे ०.३ ने उतरतो, ८.२ चा ७.९ होतो. हवा शुद्ध करणारी घरगुती यंत्रे सूक्ष्म धूलिकण अडवितात, परंतु हा वायू अडवीत नाहीत, याकडे दुर्लक्ष होते.

अशा वेळी वारंवार द्रावण ओतल्याने विम्लता अवाजवी वाढते व कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. पाण्यात अमोनिया साचलेला असेल, तर सामू वाढताच त्याचे विषारी रूपही वाढते. म्हणजे उपायच माशांच्या जिवावर बेतू शकतो.

याच राजधानी क्षेत्रातील रोहतकजवळ, लाहली येथे, मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे केंद्र आहे. हरियाणातील खाऱ्या भूजलात पोटॅशियमची उणीव असते. ती भरून काढून त्या पाण्यात कोळंबी वाढविता येते, हे तेथील कामातून दिसून आले. केवळ क्षारता जुळल्याने समुद्राचे पाणी तयार होत नाही, हा त्यातील धडा आहे. जाणता कोळंबी उत्पादक सामू पहाटे व दुपारी असा दोनदा मोजतो, त्यातील चढउतार पाहतो आणि विम्लतेवर लक्ष ठेवतो. घरगुती टाकीलाही हीच शिस्त हवी.

प्रथम विम्लता तपासावी. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने लिटरला १२५ ते १६० मिलिग्रॅम असावी. नंतर टाकीतील पेलाभर पाणी गच्चीत नेऊन त्यात तासभर हवा सोडावी. सामू वर चढला, तर दोष खोलीच्या हवेचा समजावा. विम्लता योग्य असेल आणि सामू ७.८ ते ८.४ च्या दरम्यान स्थिर असेल, तर काहीही ओतू नये.

बाहेरची हवाच घातक असताना खिडकी उघडण्यास कसे सांगावे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु खिडकी दिवसभर उघडी ठेवण्याची गरज नाही. प्रोटीन स्किमरची हवा घेणारी नळी बाहेर काढता येते. धुराच्या दिवसांत त्याच नळीवर सोडा लाइमचा डबा बसविता येतो. दिवे मालवल्यानंतर वेगळ्या कप्प्यात प्रकाश देऊन शैवाल वाढविल्यास रात्रीची घसरण कमी होते.

हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या छंदाचा म्हणून सोडून देऊ नये. क्लाउनफिशसारख्या काही जातींचे प्रजनन आपल्या संशोधन संस्थांनी साधले आहे. परंतु व्यापारातील अनेक सागरी जाती आजही प्रवाळ खडकांवरूनच पकडल्या जातात. टाकीत मेलेल्या अशा माशाची जागा दुसरा पकडलेला मासा घेतो. म्हणून पिकांसाठी हवामानानुसार सल्ला दिला जातो, तसा शोभिवंत मत्स्यपालकांसाठीही हिवाळ्यापूर्वी मत्स्य संस्थांनी सल्ला प्रसृत करावा. विक्रेत्यांनीही ग्राहकाच्या हाती द्रावणाची बाटली देण्याआधी विम्लता तपासणीचा संच द्यावा.