पालक ऊसतोडीला, शाळेचा कारभार वहीवर

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातली बालाघाटावरची गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलात परततात. शाळेचे निम्मे वर्ष त्यातच सरते. मग शाळेचा कारभार पालकांच्या हाती देणारा कायदा या गावांत चालतो कसा?

कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणे हे समितीचे काम.

कागदोपत्री हे सारे जमते. कोयत्यावर जाणाऱ्या बाईचे नाव घातले की महिलांची संख्याही पुरी होते. पण हंगामात ती असते फडात. मागे वही घरोघर फिरली, सह्या-अंगठे झाले, की ठराव मंजूर! असे सगळीकडेच होते असे नाही, पण जिथे होते तिथे नुकसान मजुराच्या पोराचेच. हंगामी वसतिगृहाचेच पाहा. आईबाप गेले तरी मुलांनी गावात राहून शिकावे म्हणून ही सोय आहे. ती उशिरा सुरू झाली तर पोर टोळीबरोबर निघून जाते. थोरली मुलगी तर धाकट्याला सांभाळायला हमखास नेली जाते.

दोष एकट्या गुरुजींचा नाही. दोन शिक्षकी शाळेत वर्ग सांभाळायचे, कागद रंगवायचे, की बैठकीला माणसे गोळा करायची?

उपाय गावाच्या हातात आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला मजूर नसतात, पण १५ ऑगस्टला असतात. त्याच दिवशी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची नावे ठरवावीत. समितीचा अध्यक्ष टोळीबरोबर जाणारा असेल, तर उपाध्यक्ष गावात राहणारा निवडावा. आता फडातही मोबाइल पोचला आहे, तेव्हा ठरावाआधी दूरच्या सभासदाला एक फोन करणे अवघड नाही. जी मुले जाणारच, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे कारखान्याकडच्या शाळेत त्यांना बसता येईल. दाखल्यावाचून तिथला प्रवेश अडवता येत नाही, हेही पालकांना सांगावे.

आणि १ मे रोजी, टोळ्या परतल्यावर, वसतिगृहाचा जमाखर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. किती मुले राहिली, किती दिवस जेवली, हे त्यांच्या आयांसमोर सांगायचे असले की हजेरीपट आपोआप खरा राहतो. सरपंचांनी यंदा एवढे केले, तरी समितीतली पालकांची जागा नुसती वहीपुरती राहणार नाही.