ओसाकाला जाताय? मग जेवायला ओसाकाबाहेर पडा

जपानच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत उरकला होता, तो इथे जरा निवांत मांडतो.

प्रदर्शन बघायला, मशीन बघायला किंवा नुसतं फिरायला ओसाकाला जाणारी आपली माणसं आता कमी नाहीत. बहुतेकांचं जेवण आधीच ठरलेलं असतं. एकतर टूरवाल्याने लावलेला भारतीय बुफे, नाहीतर दोतोनबोरीच्या झगमगाटात फोटो काढता काढता खाल्लेलं काहीतरी. माझं मत सरळ आहे. ज्याला उद्या स्वतःचं दुकान टाकायचंय, त्याने मुक्काम ओसाकात करावा, पण निदान दोन दुपारी ट्रेन पकडून बाहेरच्या गावात जेवावं. कारण ही गावं मोठ्या शहराच्या सावलीत आहेत. ओसाकात सगळं मिळतं, मग गिऱ्हाईक तिकीट काढून तुमच्या गावात का येईल? याचं उत्तर त्या लोकांनी थेट ताटात दिलंय.

आकाशी घ्या. ओसाकाहून जेआरच्या जलद गाडीने साधारण पाऊण तास. स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर उओनोताना नावाचा जुना मासळीबाजार आहे, आणि त्याच्या आसपास आकाशीयाकीची दुकानं. दिसायला आपल्या आप्प्यांसारखं, साचाही तसाच, फक्त तांब्याचा. आत आकाशीच्या समुद्रातला ऑक्टोपस, पिठात भरपूर अंडं आणि गव्हाचं सत्त्व, त्यामुळे इतकं मऊ की काडीने उचलताना तुटतं. तिरक्या लाकडी पाटावर पंधरा-एक नग येतात, सोबत कोमट दाशी. त्यात बुडवायचं आणि खायचं.

आता गंमत बघा. ओसाकाचा जगप्रसिद्ध ताकोयाकी हा याच घराण्यातला, आणि आकाशीचा प्रकार त्याच्या आधीचा. ताकोयाकीवर सॉस आला, मेयोनीज आलं, तो रस्त्यावर उभ्याने खायचा पदार्थ झाला आणि सगळ्या जपानभर पसरला. आकाशीवाल्यांनी सॉसच्या शर्यतीत उतरायचं मनावर घेतलं नाही. आमचं बसून खायचं, दाशीत बुडवून खायचं, गरम आहे तोवर खायचं. गावातले लोक त्याला आकाशीयाकी म्हणतही नाहीत, तामागोयाकी म्हणतात, म्हणजे साधं ‘अंड्याचं’. पाऊण तासावर राक्षसासारखा स्पर्धक बसलाय आणि तरी दुकानं चालू आहेत.

आपल्याकडे काय होतं? मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी माणसं निघतात, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलात तेच मेनूकार्ड. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पावभाजी, आणि कोपऱ्यात मिसळ. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून मालक पदार्थ वाढवतो. पदार्थ वाढले की फ्रीज वाढतो, कारागीर वाढतात, माल वाया जातो. मग तो मला विचारतो, सर, गल्ला चांगला येतो पण महिनाअखेर हातात काही राहत का नाही?

आकाशीच्याच मार्गावर पुढे हिमेजी, ओसाकाहून सुमारे तासभर. किल्ला सगळेच बघतात. तुम्ही स्टेशनाच्या प्लॅटफॉर्मवर थांबा आणि उभ्याने एकिसोबा खा. नाव सोबा असलं तरी नूडल पिवळी, चिनी पद्धतीची, आणि रस्सा मात्र पक्का जपानी. मानेकी नावाची तिथली जुनी डबेवाली कंपनी 1949 पासून तो विकते. युद्धानंतर गव्हाचं पीठ मिळत नव्हतं, पर्यायी नूडल लवकर खराब व्हायची, म्हणून टिकणारी नूडल आणली. म्हणजे तुटवड्यातून निघालेली तडजोड आज त्या स्टेशनाची ओळख आहे. हजार येनच्या आत पोट भरतं. वाडगा किती वेळात हातात येतो आणि तो माणूस एका वाडग्यासाठी किती वेळा हात हलवतो, हे मोजा. माझ्या कार्यशाळेपेक्षा स्वस्तात शिकाल.

नारात हरणांना बिस्किटं घालून झाली की सांजो रस्त्यावर नाकातानिदोसमोर थांबा. तिथे मोची कुटतात. एक जण मोठा मोगरा हाणतो, दुसरा त्याच क्षणी हात घालून पीठ उलटतो, असा वेग की बघणाऱ्याचाच जीव वर-खाली होतो. गर्दी जमते, कुटणं थांबतं, आणि तीच गर्दी रांग बनते. हिरव्या पानाची मोची, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, वरून सोयाबीनचं पीठ. एकच पदार्थ, नगावर विक्री, जाहिरातीचा खर्च म्हणजे घाम. शाकाहारी मंडळींनाही हा चालेल. उजीला गेलात तर चहा प्या एवढंच म्हणेन. तिथे एकाच हिरव्या चहाची पानं, आइस्क्रीम, सोबा, गोळे असं सगळं करतात, आणि उजी पुलाजवळचं त्सुएन हे चहाचं दुकान 1160 पासूनचं म्हणून ओळखलं जातं.

शाकाहाराचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावू नका. दाशीत बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर रश्श्यातला मासा चालतो असं समोरच्याला वाटू शकतं. मांस, मासे आणि माशाची दाशी नको, असं जपानीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा. आणि एक दिवस कोयासानला द्या. नाम्बाहून नानकाई रेल्वे, मग केबल कार, पावणेदोन-दोन तास लागतात. 816 च्या सुमारास कुकाई यांनी वसवलेला हा बौद्ध मठांचा डोंगर. तिथलं शोजिन र्‍योरी म्हणजे मठातलं जेवण: मांस-मासा नाही, कांदा-लसूणही नाही, रस्सा कोंबू आणि मशरूमचा. आपल्याकडच्या उपासतापास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही. तिळाचं तोफू आणि सुकवलेलं कोयादोफू नक्की घ्या. नूडलच्या कितीतरी पट महाग पडेल, पण मी तरी इथे हात आखडता घेऊ नका असंच सांगेन. कांदा-लसूण नसणं ही अडचण न मानता त्यांनी त्याच गोष्टीची किंमत लावली आहे.

मठातलं जेवण आधी कळवून ठेवावं लागतं. बाकी गावांत दुपारी अकरा-साडेअकरालाच पोहोचा. छोटी दुकानं दुपारनंतर बंद होतात, माल संपला की त्याआधीही, आणि सुट्टीचा वार दुकानागणिक वेगळा असतो, तो आदल्या रात्री बघून ठेवा. रोख येन सोबत असू द्या.