पहिले शंभर युरो

जर्मनीत टाळ्या हव्या असल्या की पुढारी बेकारभत्ता घेणाऱ्यांवर घसरतात. सरकारी पैशावर लोळतात, कामाला हात लावत नाहीत, हा ठरलेला आरोप. चान्सेलर फ्रीडरिश मेर्त्स यांच्या आघाडीने तर 'ब्युर्गरगेल्ट' हे भत्त्याचे नावच पुसून नियम कडक करायचे ठरवले. या मंडळींनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

२०२५ सालचे आकडे घेऊ. एकट्या माणसाला महिन्याला ५६३ युरो भत्ता. घरभाडे आणि घर गरम ठेवण्याचा खर्च वेगळा. अशा एखाद्या बाईला बेकरीच्या काउंटरवर 'मिनीजॉब' मिळाला. म्हणजे महिन्याला फार तर ५५६ युरोंचे, अर्धवेळ म्हणायलाही कमी पडेल असे काम. किमान वेतन तासाला १२.८२ युरो, तेव्हा महिन्याचे सुमारे ४३ तास. आता भत्ता देणारे सरकारी कार्यालय, म्हणजे जॉबसेंटर, हिशेबाला बसते. पहिले १०० युरो तिचे. त्यापुढे ५२० युरोंपर्यंतच्या कमाईतले २० टक्के तिचे. वरच्या ३६ युरोंतले ३० टक्के. एकूण १९४ युरो ८० सेंट. बाकीचे ३६१ युरो २० सेंट भत्त्यातून वळते. पहाटे उठून पावाच्या टोपल्या मांडणाऱ्या बाईच्या पदरात तासाला साडेचार युरोही पुरते पडत नाहीत, आणि त्यातूनच बसचे भाडे. किमान वेतनाचा कायदा बेकरीवाल्याला आहे, जॉबसेंटरला नाही!

बरे, तिने तास वाढवून घेतले तर? हजार युरोंपर्यंत शंभरातले ३० तिचे. हजार ते १,२०० मध्ये दहाच. पदरी लहान मूल नसेल, तर त्यापुढे भत्ता सुटेपर्यंत शून्य. याच देशात वर्षाला पावणेतीन लाख युरोंहून अधिक कमावणाऱ्यालाही वरच्या कमाईवर ४५ टक्क्यांपेक्षा जास्त प्राप्तिकर नाही. काउंटरवरच्या बाईचे मात्र शंभरातले ८० जातात, पुढे ९०. गिरणी मालकाला माफी आणि हमालाला पट्टी, यातला हा प्रकार. तरी आळशी कोण, तर ती.

ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. फोक्सवॅगनचे अधिकारी पीटर हार्ट्झ यांच्या समितीने २००२ साली शिफारशी केल्या, २००३ मध्ये ४०० युरोंच्या मर्यादेचा मिनीजॉब आला आणि २००५ पासून नवा भत्ता. छोट्या कामातून माणूस पक्क्या नोकरीत सरकेल, असे तेव्हा सांगितले गेले. पण मिनीजॉबवाल्याचा बेरोजगारी विमाच भरला जात नाही. काम सुटले की त्याच्या बळावर विम्याचा भत्ता मिळत नाही. पुन्हा जॉबसेंटरचीच रांग. आणि एका पूर्ण नोकरीचे तीन तुकडे करणे ज्या दुकानदाराला परवडते, तो पक्की नोकरी कशाला देईल? काम करूनही भत्त्याची जोड घ्यावी लागते असे लोक तिकडे आठ लाखांच्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी 'आउफश्टोकर' असा शब्दही भाषेत रुळला आहे. ऐतखाऊंवरच्या भाषणात तो सहसा ऐकू येत नाही.

भत्ता घेणाऱ्यांत कामचुकार कोणीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. सगळीकडे असतात तसे तिथेही असतील. पण ४३ तास राबून १९५ युरोही न मिळणाऱ्या सौद्याला जो 'नको' म्हणतो, त्याला आळशी म्हणण्यापेक्षा हिशेबी म्हणावे. भत्त्याचे नाव बदलून हा हिशेब बदलणार नाही. हात घालायचाच तर त्या पहिल्या शंभरात घाला. २००५ ते २०२५ या काळात मिनीजॉबची मर्यादा ४०० वरून ५५६ वर गेली; ते शंभर मात्र शंभरच राहिले.