नोंदींमागचीं माणसें

हल्लीं 'डेटा' हा शब्द लहानथोरांच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, तो उच्चारतांना मनापुढें माणूस म्हणून येतच नाहीं. येते ती मोबाइलमध्यें उरलेली जागा, नाहीं तर महिन्याच्या पॅकचा दर! आमच्या मतें हा शब्द फार कोरडा आहे. आपले संदेश, छायाचित्रें, ध्वनिमुद्रणें, आपण कोठें गेलों, कोणाशीं किती वेळ बोललों, या सर्वांची एक मोट बांधून तिला 'डेटा' म्हटलें, म्हणजे ती पुसून टाकणें किंवा परक्यास देणें हें जुनीं वर्तमानपत्रें रद्दींत घालण्याइतकें सोपें वाटूं लागतें.

वस्तुतः नोंद कोरडी असते ती परक्याला. शाळेचें जनरल रजिस्टरच पाहा. नांव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. रकाने भरले कीं कारकुनाचें काम संपलें. पण ज्याच्या वडिलांची ती ओळ असते, त्याला 'कारण' या रकान्यांतील दोन शब्दांत एका घराची सारी ओढाताण वाचतां येते.

लंडनचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथील भुयारी रेल्वेच्या एंबँकमेंट स्थानकावर, गाडी व फलाट यांमधील फटीकडे लक्ष ठेवा, अशी सूचना ऑस्वल्ड लॉरेन्स या नटाच्या आवाजांत वाजत असे. हे गृहस्थ २००७ सालीं वारले. पुढें त्यांच्या पत्नी केवळ तो आवाज ऐकावा म्हणून त्या फलाटावर येऊन बसत. २०१२ मध्यें नवी यंत्रणा आली आणि आवाज थांबला. त्यांनीं विनंती केल्यावर रेल्वेच्या लोकांनीं जुनें मुद्रण शोधून काढलें, त्यांस प्रत दिली, आणि २०१३ मध्यें त्या स्थानकावर तोच आवाज पुन्हां सुरू केला. एवढ्या मोठ्या कारभारांत कोणाला तरी हें करावेंसें वाटलें, याचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

परंतु प्रश्न नेहमींच इतका सरळ नसतो. २०१२ सालीं बर्लिनमध्यें १५ वर्षांची एक मुलगी भुयारी रेल्वेखालीं सांपडून मरण पावली. तो अपघात होता कीं अन्य कांहीं, हें आईबापांस कळेना. म्हणून त्यांनीं तिचें फेसबुकवरील खातें पाहूं देण्याची मागणी केली. कंपनीनें नकार दिला. पहिल्या न्यायालयानें आईबापांचा पक्ष घेतला. वरच्यानें, तिला लिहिणाऱ्यांच्या संदेशांची गुप्तता पुढें करून, तो निकाल फिरविला. अखेर २०१८ च्या जुलैमध्यें तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें ठरविलें कीं, पत्रें व रोजनिशी जशीं वारसांकडे जातात, तसेंच खातेंही जावें. हा निकाल आम्हांस मान्य आहे. तथापि, तिला जिवाभावानें लिहिणाऱ्या मैत्रिणींचें काय? त्यांनीं लिहिलें तें तिच्यासाठीं. तिच्या आईसाठीं नव्हे. ही बोच मनांतून जात नाहीं.

आपल्या संसदेनें २०२३ सालीं वैयक्तिक डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला. मुलांच्या डेटासाठीं पालकांची संमति, आणि मृत्यूनंतर आपले हक्क कोणीं बजवावे त्याचें नांव नेमून ठेवण्याचा अधिकार, या दोन्ही गोष्टी त्यांत आहेत. पालकांस आमचें नम्रपणें सांगणें आहे कीं, संमति देण्याचा अधिकार म्हणजे मुलांचीं संभाषणें चोरून वाचण्याचा परवाना नव्हे. कोणी म्हणेल, काळजीपोटीं वाचलें तर काय बिघडलें? वाचावें, पण विचारून वाचावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, वर्गमित्राचें रडवेलें छायाचित्र गंमत म्हणून चारचौघांस धाडतांना, तें मुळीं तुमचें आहे काय?

उलट, 'जेवलास कां?' एवढेंच विचारणारा आजीचा ध्वनिसंदेश जागा अडवितो म्हणून पुसूं नये. गूगलनें दोन वर्षें न वापरलेलीं वैयक्तिक खातीं २०२३ च्या डिसेंबरपासून काढून टाकण्याचें धोरण जाहीर केलें होतें. तेव्हां कंपनीच्या भरंवशावरही राहूं नये. असे संदेश तारीख घालून घरांतच दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरवून ठेवावे, आणि कोणत्या खात्यासाठीं कोणाचें नांव नेमावयाचें, हें या सुटींत सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें.