पैसे तारेचे नाही, फॉल्ट शोधण्याचे घ्या

जुन्या गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम सुरू करू का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर 'करा' असंच आहे. फक्त या कामाचे पैसे लावायची आपली पद्धत बदलणार नसाल, तर यात पडू नका.

गिऱ्हाईक आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून 2023 मध्ये गेल्या, पण हौशी मालकांच्या दारात अजून उभ्या आहेत. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपुढच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, फी 20,000 रुपये. नंबरसाठी एवढे भरणारा माणूस वायरिंगला पैसे देणार नाही, हे मला पटत नाही.

आता काम बघा. इंजिन गरम झालं की गाडी मिसिंग मारते, सिग्नलला बंद पडते. मालक नवी कॉईल, नवे प्लग, नवे पॉईंट टाकून थकलेला असतो. अशा वेळी दोष बरेचदा चावीपासून कॉईलपर्यंतच्या तारेत, नाहीतर डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या छोट्या लवचिक तारेत निघतो. वरून आवरण शाबूत, आत तांबं हिरवं पडलेलं. टेस्ट लॅम्प लावला तर खुशाल पेटतो, कारण त्याला करंट कमी लागतो. कॉईलला तीन-चार अँपिअर हवा. मीटरही फसवतो. पॉईंट उघडे असताना करंट वाहतच नाही, मग सडक्या तारेतूनही पूर्ण 12 व्होल्ट दिसतात. म्हणून पॉईंट बंद ठेवून, चावी सुरू करून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून कॉईलच्या फीडपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे आकडा गेला की मधे कुठेतरी जोड खराब आहे. (बॅलास्ट रेझिस्टर असेल तर त्याच्या आधीपर्यंतच मोजा. आणि चावी फार वेळ सुरू ठेवू नका, कॉईल तापते.)

हे शोधायला कधी अर्धा तास लागतो, कधी अर्धा दिवस. माल किती? दोन मीटर वायर, चार थिंबल, थोडी स्लीव्ह. आपले कारागीर 'वायर 150, मजुरी 200' लिहितात आणि मग म्हणतात, धंद्यात राम नाही!

तपासणीची फी वेगळी ठेवा, गाडीला हात लावायच्या आधी सांगा. पुढचं काम तुमच्याकडे केलं नाही तरी ती परत मिळणार नाही, हेही सांगा. "अहो, नुसतं बघायचे पैसे?" असं ऐकावं लागेल. ऐका. दुरुस्तीआधी किती व्होल्ट गळत होते आणि नंतर किती, दोन्ही आकडे बिलावर लिहा, जुनी तार पिशवीत घालून मालकाच्या हातात द्या. घासाघीस निम्मी तिथेच संपते.

आणि 'टेप मारून द्या हो' वालं काम? बऱ्याच जुन्या गाड्यांत इग्निशनच्या या तारेला फ्यूजच नसतो. तडकलेलं आवरण बॉडीला घासलं की तार लाल होते, शेजारच्या तारांना घेऊन पेटते. त्यात माणसं बसलेली असतात. नवीन आहात, हातात गिऱ्हाईक नाही, अशा वेळी नाही म्हणणं जड जातं, मान्य. तरीही तपासणीची फी घ्या, दोष कुठे आहे ते लिहून द्या आणि टेप दुसऱ्याला मारू द्या.