जिवाणूंची वर्तुळं मुलांना पाहू द्या

व्हायवाला मी एक प्रश्न हमखास विचारते: ई. कोलाय या जिवाणूला अन्नाची चाहूल देणारे रिसेप्टर पेशीत नेमके कुठे असतात? मुलं न अडखळता नावं सांगतात, टार, टीएसआर, ट्रग, टॅप. आकृती काढायला सांगितली, की लांबट पेशीभोवती चारही बाजूंनी सुटे सुटे ठिपके देतात. नोट्समध्ये तशीच आकृती असते. घाटकोपरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मला सर्वांत जास्त खटकते ती हीच, कारण तिच्यातून विषयाचा गाभाच निसटतो.

हे रिसेप्टर प्रामुख्याने पेशीच्या टोकांशी दाटीने जमलेले असतात, हे जनीन मॅडॉक आणि ल्यूसी शपिरो यांनी १९९३ सालीच दाखवलं. पुढे क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने त्या दाटीतली शिस्तही दिसली. एक रिसेप्टर म्हणजे दोन सारख्या प्रथिनसाखळ्यांची जोडी. तिचं एक टोक आतल्या पटलाच्या बाहेर राहून रेणू पकडतं, दुसरं पेशीत सुमारे २५ नॅनोमीटर खोल उतरतं. अशा तीन जोड्या तळाशी एकत्र येतात आणि ही त्रिकुटं मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत बसतात. शेजारच्या दोन षट्कोनांच्या केंद्रांत जेमतेम १२ नॅनोमीटर अंतर असतं. चे-ए आणि चे-डब्ल्यू ही प्रथिनं तळाशी ही जाळी बांधून ठेवतात.

जिवाणूची तीक्ष्णता या मांडणीतून येते. सेरीनचा रेणू चिकटला, की पटलातली साखळी एक-दोन अँगस्ट्रॉम सरकते, म्हणजे साधारण अणूच्या रुंदीएवढी. पण तिचा परिणाम शेजाऱ्यांपर्यंत जातो, बरेच चे-ए रेणू एकदम थंडावतात, कशाभिकांच्या मोटरला दिशा बदलण्याचा संदेश कमी मिळतो आणि जिवाणू त्याच वाटेने पुढे पोहत राहतो. व्हिक्टर सोर्जिक आणि हॉवर्ड बर्ग यांनी २००२ मध्ये मोजलं, तेव्हा रिसेप्टरवरचा लहानसा बदल चे-एच्या कामात सुमारे ३५ पट मोठा होऊन उतरलेला दिसला. सुटे ठिपके काढणाऱ्या मुलाला हे कसं उमगणार?

याचा दृश्य परिणाम दाखवायला महागडं यंत्र लागत नाही. नेहमीच्या प्लेटमध्ये दीड टक्का अगार असतो. तो ०.३ टक्क्यांवर आणा, त्यात ट्रिप्टोन घाला आणि मधोमध पोहणाऱ्या, निरुपद्रवी ई. कोलायचा थेंब सोडा. ३० अंशांना आठ-दहा तासांत दोन वर्तुळं पसरतात. बाहेरचं वर्तुळ सेरीन खात पुढे सरकणाऱ्यांचं, आतलं ॲस्पार्टेटच्या मागे जाणाऱ्यांचं. सेरीनची चाहूल देणारा टीएसआर नसलेला जिवाणू घेतला, तर बाहेरचं वर्तुळ उमटत नाही. एका प्रथिनाची उणीव नुसत्या डोळ्यांना दिसते. ज्युलियस ॲडलर यांनी १९६०च्या दशकात अशाच प्लेटांवर या संशोधनाचा पाया घातला.

वेळापत्रकात आठ तास कुठून आणायचे, असं सहकारी विचारतात. सकाळच्या सत्रात प्लेट घालावी, संध्याकाळी पाहावी. मुंबईत बहुतेक महिने खोलीचं तापमानच ३० अंशांच्या आसपास असतं.

आणि हा विषय परदेशातलाच आहे असंही नाही. पवईच्या आयआयटीत, केमिकल इंजिनिअरिंग विभागात, के. व्ही. वेंकटेश आणि महेश तिरुमकुडुलु यांच्या गटाने सेरीन आणि मिथाइल-ॲस्पार्टेट यांच्या मोजून राखलेल्या चढउतारात ई. कोलाय कसा पोहतो याचा अभ्यास केला आणि २०१० साली तो प्रसिद्ध झाला. घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या कॉलेजांपासून पवई किती लांब आहे? तरी माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी हे काम ऐकलेलंही नसतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पोहणारा आणि टीएसआर नसलेला, असे दोन्ही प्रकार संशोधन संस्थांनी उपनगरांतल्या कॉलेजांना द्यावेत आणि हे प्रॅक्टिकल प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये असावं. शिवाय प्रश्नपत्रिकेत 'रिसेप्टरांची नावे लिहा' याऐवजी 'बाहेरचं वर्तुळ का उमटलं नाही?' असं विचारावं. नावं पाठ करून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी प्लेट पाहावी लागते आणि विचार करावा लागतो. विज्ञान शिकवणं म्हणजे मला एवढंच अभिप्रेत आहे.